पुस्तकी शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक : विक्री व साठ्याच्या सॉफ्टवेअरची रचना

दुकानातल्या प्रत्येक मालाच्या दोन शिल्लका असतात. एक फळीवर दिसते आणि हाताने मोजता येते, ती प्रत्यक्ष शिल्लक. दुसरी वहीत किंवा संगणकात असते, ती पुस्तकी शिल्लक. या दोन शिल्लका जुळत्या ठेवणे हे विक्री आणि साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे मूळ काम. बिल छापणे, कराचा हिशेब, उधारीची यादी, खरेदीची मागणी, नफातोट्याचा तक्ता हे सगळे त्यानंतर येते. पुस्तकी शिल्लकच खोटी असेल तर तिच्या आधाराने काढलेला एकही अहवाल खरा निघत नाही.

औषधाच्या दुकानातली एक फळी जवळून पाहिली की प्रश्न नीट दिसतो. स्क्रीनवर तापाच्या एका गोळीच्या ४२ स्ट्रिप दिसतात, फळीवर ३७ भरतात. पाच स्ट्रिप गेल्या कुठे? दोन स्ट्रिप विकल्या गेल्या, पण बिल करताना यादीत तिच्या वरच्या ओळीवरच्या औषधाची निवड झाली. एक स्ट्रिप कापून दोन गिऱ्हाइकांना अर्धी-अर्धी दिली. सुट्या गोळ्यांचे बिल करायला तीन स्क्रीन ओलांडाव्या लागतात म्हणून पैसे गल्ल्यात टाकले आणि हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर राहिला. एक स्ट्रिप पावसाच्या पाण्याने भिजली आणि कंपनीकडे परत पाठवायच्या खोक्यात पडली. आणि एक गिऱ्हाइकाला दुसऱ्या औषधाच्या बदल्यात दिली, कारण परत मालाची नोंद करायला जुन्या बिलाचा क्रमांक लागतो आणि बिल गिऱ्हाइकाकडे नव्हते. यात चोरी कुठेच नाही. प्रत्येक वेळी प्रामाणिक माणसाने गर्दीत सोपा मार्ग धरला, आणि तो सोपा मार्ग सॉफ्टवेअरच्या बाहेरून जात होता. खरी नोंद हीच सर्वांत सोपी नोंद होईल अशी मांडणी करणे, हाच या सॉफ्टवेअरच्या रचनेचा गाभा आहे.

वहीची रचना

संगणकापूर्वी हे काम वही करत होती, आणि वहीची रचना मोठ्या विचाराने झालेली होती. पेढीवर दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरत. संध्याकाळी रोकड आणि लिहिलेला हिशेब ताडून पाहिला जाई. मग दिवाणजी सवडीने एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवत. लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत सांगितली, त्यातही आधी कच्ची टिपणवही, मग रोजकीर्द, मग खातेवही अशाच तीन पायऱ्या आहेत. दूरदूरच्या पेढ्या एकाच उपायाशी पोचल्या, कारण अडचण एकच होती. गिऱ्हाईक समोर उभे असताना काय घडले एवढेच लिहिता येते. ते कोणत्या खात्यात घालायचे हे ठरवायला निवांतपणा लागतो.

संगणकाने या पायऱ्या एका क्षणात आणल्या. बिल झाले की खतावणी झाली, साठा कमी झाला, कर लागला. सोय मोठी आहे, पण दिवाणजींनी सवडीने घ्यायचे निर्णय त्यामुळे काउंटरवर येऊन पडले. कोणती बॅच, कोणता करदर, कोणती सवलत, कोणते खाते हे आता विकणाऱ्या मुलाला विचारले जाते. यातले जितके निर्णय सॉफ्टवेअर स्वतः घेईल आणि चुकल्यास दुरुस्त करू देईल, तितके ते वापरायला सोपे.

भारतात या विचाराचे ठळक उदाहरण टॅली. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंका आणि भरत गोयंका या पितापुत्रांनी १९८६ साली ही कंपनी सुरू केली. तोवरच्या हिशेबी प्रणाली प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यायला लावत आणि तो लक्षात ठेवण्याचे ओझे माणसावर टाकत. टॅलीने क्रमांक काढून टाकले आणि पार्टीचे नाव टाइप करू दिले, जसे वहीत लिहीत असत तसे. एफ-८ दाबले की विक्री, एफ-९ दाबले की खरेदी, एफ-५ ला पैसे दिल्याची नोंद, एफ-६ ला पैसे आल्याची. या कळा अनेक आवृत्त्यांमध्ये टिकल्या, आणि दिसायला साध्या असलेल्या त्या स्क्रीनवर अकाउंटंटची एक पिढी कीबोर्डकडे न पाहता काम करू लागली. सुंदर दिसणे आणि सोपे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून पुरेसे कळते.

विकत घेणारा आणि वापरणारा

घरचे ॲप ज्याला आवडत नाही तो काढून टाकतो. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरला ही कसोटी नाही. ते मालक विकत घेतो, आणि वापरतात दुसरे: काउंटरवरचा मुलगा, गोदामातला माणूस, हिशेबनीस, गावोगाव ऑर्डर घेत फिरणारा सेल्समन. मालकाला दाखवलेल्या नमुन्यात वीस वस्तू असतात, नावे स्वच्छ असतात, रांग नसते. दुकानात काही हजार वस्तू असतात, सारख्या नावांच्या जोड्या असतात आणि संध्याकाळी सातला काउंटरवर चार हात पुढे आलेले असतात. म्हणूनच खरेदीचा निर्णय रंगीत आलेख पाहून होतो आणि भोगावा लागतो तो बिलाच्या स्क्रीनवर.

गोदामातल्या माणसाच्या हातात खोके असते. त्याला मोबाइलवर मोठी अक्षरे आणि एका बोटाने चालणारी बटणे हवीत. सेल्समनला नेटवर्क नसलेल्या गावातही ऑर्डर लिहिता आली पाहिजे. हिशेबनिसाला एका स्क्रीनवर जास्तीत जास्त ओळी हव्या असतात. ऐसपैस मोकळी जागा त्याच्या कामात अडथळा ठरते. एकच स्क्रीन सगळ्यांना देण्याचा हट्ट कोणाच्याच सोयीचा ठरत नाही.

काउंटर

काउंटरवरच्या माणसाचे हात कीबोर्डवर, डोळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि कान फोनकडे असतात. बिलाची स्क्रीन म्हणून जवळजवळ न पाहता चालवता आली पाहिजे. औषधाच्या नावाची तीन-चार अक्षरे, एन्टर, नग, एन्टर, पुढचे औषध. मध्येच माऊसला हात लावावा लागला की लय तुटते. एखाद्या नव्या आवृत्तीत कळ बदलली तर बोटांची जुनी सवयच चुका करू लागते, त्यामुळे कळा बदलण्याचा मोह टाळणे हे निर्मात्याचे कर्तव्यच समजावे.

वेगाची मर्यादाही ठरलेली आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली संगणकाच्या प्रतिसादाच्या वेळांचा अभ्यास मांडला आणि पुढे याकोब नील्सन यांनी तीन टप्पे रूढ केले: ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. म्हणजे अक्षर दाबताच यादी आकसली पाहिजे आणि बिल सेकंदाच्या आत जमा झाले पाहिजे. इंटरनेट गेल्यावर गोल फिरणारे चक्र दाखवणारे सॉफ्टवेअर दुकानदाराला पुन्हा कच्च्या वहीकडे पाठवते. बिल आधी दुकानातल्या संगणकात व्हावे आणि जोडणी परत आल्यावर मुख्य ठिकाणी जावे. यात बिलाच्या क्रमांकाची अडचण सांगितली जाते, पण ती कायद्यानेच सोडवलेली आहे. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ चिन्हांचा असावा लागतो. मात्र एकाहून अधिक मालिका चालतात. दोन काउंटरना दोन मालिका दिल्या की दोघांनाही एकमेकांची वाट पाहावी लागत नाही.

औषधाच्या व्यापारात बॅच हा सर्वांत नाजूक भाग. किराणा मालात आधी आलेला माल आधी विकतात. औषधात ज्याची मुदत आधी संपते तो आधी. सॉफ्टवेअर तशी बॅच सुचवते खरे, पण हात फळीवरच्या पुढच्या स्ट्रिपकडे जातो आणि स्क्रीनवरची बॅच एक, हातातली दुसरी असे होते. कंपनीने एखादी बॅच परत मागवली की ती कोणाला दिली हे बिलावरूनच कळायचे असते. म्हणून सुचवलेल्या बॅचची शेवटची तीन-चार अक्षरे ठळक दिसावीत, आणि वेगळी बॅच निवडायला एकच कळ पुरावी. छापील किंमत बॅचगणिक बदलते, त्यामुळे ती औषधाच्या नावाशी न बांधता बॅचशी बांधावी लागते. हे सुरुवातीला चुकले तर नंतर सगळी प्रणाली उसवावी लागते.

सुट्या गोळ्यांचे उदाहरण लहान आहे, पण रचनाकाराची परीक्षा घेणारे आहे. १५ गोळ्यांच्या स्ट्रिपची छापील किंमत ३२ रुपये धरली तर एक गोळी २ रुपये १३ पैशांच्या किंचित वर पडते. पाच गोळ्यांचे १० रुपये ६७ पैसे होतात. अशी तीन गिऱ्हाइके आली की एका स्ट्रिपचे ३२ रुपये १ पैसा जमा होतात, म्हणजे छापील किमतीहून एक पैसा जास्त. रक्कम क्षुल्लक आहे, पण छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही हा नियम आहे, आणि वर्षअखेरीस अशाच पैशांमुळे हिशेब जुळत नाही. उपाय असा की साठा नेहमी सर्वांत लहान एककात, म्हणजे गोळीत, साठवावा. माणसाला तो ‘३ स्ट्रिप ४ गोळ्या’ असा दाखवावा. आणि सुट्या विक्रीत पैशाचा अपूर्णांक सोडून रक्कम खालच्या बाजूला न्यावी. काउंटरवर मात्र यातले काहीही दिसू नये. तिथे फक्त ‘५ गोळ्या’ एवढेच लिहिता यावे.

परत मालाला वेगळी स्क्रीन नसावी. बिलाच्याच ओळीवर एक कळ दाबून नग उणे करता यावेत, आणि जुने बिल मोबाइल क्रमांकावरून किंवा औषधाच्या नावावरून सापडावे. भिजलेल्या आणि मोडलेल्या मालासाठीही तसेच. कारणाचे चार शब्द यादीतून निवडले की नोंद पूर्ण व्हावी.

सक्तीच्या रकान्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. केंद्र सरकारने २०१३ साली औषध नियमांत एच-१ ही अनुसूची घातली. तिच्यातली औषधे विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. या औषधांच्या वेळी डॉक्टरांचे नाव मागणे योग्यच आहे. पण तोच रकाना प्रत्येक बिलाला सक्तीचा केला की कर्मचारी त्यात एक टिंब टाकून पुढे जातो. काही आठवड्यांत टिंब टाकण्याची सवय होते आणि एच-१ च्या बिलावरही टिंबच येते. सक्ती वाढवली की माहिती वाढते हा समज चुकीचा आहे. अवाजवी सक्ती खऱ्या माहितीच्या जागी खोटी माहिती आणते.

‘खात्री आहे का?’ असे विचारणाऱ्या चौकटींचेही तेच. दिवसातून शंभर वेळा दिसलेली चौकट शंभराव्या वेळी वाचली जात नाही. याचा सर्वांत महागडा दाखला विक्रीच्या नव्हे, बँकेच्या सॉफ्टवेअरमधला आहे, पण तो इथे लागू पडतो. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते. मुद्दल बँकेतच राहण्यासाठी स्क्रीनवर तीन रकाने भरावे लागत; एकच भरला गेला. तिघांनी तपासून मंजुरी दिली आणि जवळपास ९० कोटी डॉलर बँकेच्या पैशातून बाहेर गेले. प्रणालीने इशारा दिला होता; पैसे बँकेबाहेर जातील असे त्यात म्हटले होते, पण किती जातील ते म्हटले नव्हते. काही कर्जदात्यांनी पैसे परत करायला नकार दिला, २०२१ साली न्यायालयाने त्यांची बाजू उचलली, आणि २०२२ साली अपिलात तो निकाल फिरला. ती प्रणाली म्हणजे फ्लेक्सक्यूब, मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीने घडवलेली आणि पुढे ओरॅकलकडे गेलेली. इशाऱ्यात रक्कम छापली असती तर तिघांपैकी एकाची नजर तिच्यावर अडली असती, असे मानायला जागा आहे. इशारा क्वचित यावा, आणि येईल तेव्हा त्यात आकडा असावा: ‘१० ऐवजी १०० स्ट्रिप?’ बाकी सगळ्या ठिकाणी विचारण्याऐवजी केलेले काम सहज मागे घेता येण्याची सोय द्यावी.

काम झाल्याची खूण डोळ्यांनीच मिळावी असेही नाही. यूपीआयचे पैसे आल्यावर दुकानातली छोटी पेटी रक्कम मोठ्याने सांगते, त्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाइकाचा मोबाइल पाहावा लागत नाही. स्कॅनरचा ‘बीप’ हे तसेच उत्तर आहे. मात्र न सापडलेल्या वस्तूला वेगळा, जाड आवाज असावा. दोन्हींना एकच आवाज असेल तर त्याचा उपयोग नाही.

मालाची मूळ नोंद

प्रत्येक वस्तूची एक मूळ नोंद असते. बाजारात तिला आयटम मास्टर म्हणतात. नाव, कंपनी, पॅकिंग, करदर, एचएसएन क्रमांक, बारकोड. ही नोंद एकदाच होते आणि रोज हजारदा वापरली जाते, त्यामुळे तिच्यातली चूकही हजारदा होते.

अमेरिकेतल्या टार्गेट या साखळी दुकानांनी २०१३ साली कॅनडात प्रवेश केला. नवी प्रणाली होती आणि थोड्या महिन्यांत हजारो वस्तूंच्या नोंदी भरायच्या होत्या. ते काम बव्हंशी तरुण, अननुभवी कर्मचाऱ्यांकडे आले. नंतर प्रसिद्ध झालेल्या तपशिलांनुसार लांबी-रुंदीची अदलाबदल झाली होती, सेंटिमीटरच्या जागी इंच पडले होते, आणि पडताळणीत सुमारे ३० टक्केच माहिती बरोबर निघाली. गोदामे भरून वाहत होती आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या होत्या. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने सगळी १३३ दुकाने बंद करण्याची घोषणा केली. अपयशाला इतरही कारणे होती. पण इंच की सेंटिमीटर हे न विचारता आकडा स्वीकारणारा रकाना ही रचनेचीच चूक म्हणावी लागेल. काड्यापेटीची रुंदी ५० सेंटिमीटर लिहिली गेली तर प्रणालीनेच थबकायला हवे.

बारकोडमुळे टायपिंगच्या चुका गेल्या. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचा पुडा स्कॅन झाला, तो पहिला व्यापारी वापर. भारतात जीएस-१ इंडियाकडून घेतलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात. तेरा अंकांपैकी शेवटचा ताळ्याचा अंक असतो. डावीकडून एकाआड एक अंकांना १ ने आणि ३ ने गुणून बेरीज करतात आणि ती दहाच्या पटीत नेणारा अंक शेवटी ठेवतात. एक अंक चुकला तर ताळा बिघडतोच. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा कळते. फक्त त्यांच्यात ५ चा फरक असेल, जसे २ आणि ७, तर चूक निसटते. हाताने क्रमांक टाइप करणाऱ्याला सॉफ्टवेअरने हा ताळा तिथल्या तिथे तपासून द्यावा. या कोडमध्ये वस्तूची ओळख असते, बॅच आणि मुदत नसते. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात ३०० औषधी ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक झाला, त्यात बॅच आणि मुदतही येते. त्या औषधांपुरती तरी बॅच टाइप करण्याची गरज उरली नाही.

करदराची गोष्ट ताजी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर म्हणजे मास्टरमधला एक आकडा होता, तिथे तो आकडा बदलताच जुनी बिलेही अडचणीत येणार. २० सप्टेंबरला विकलेला माल २५ ला परत आला तर त्याची जमानोंद मूळ बिलाच्या, म्हणजे १२ टक्क्यांच्या दराने व्हावी लागते. दराला ‘कधीपासून’ अशी तारीख जोडून ठेवली की काउंटरवरच्या माणसाला यातले काही ठाऊक असण्याची गरज राहत नाही. भाव, सवलत, घाऊक व्यापारातली ‘१० वर १ फुकट’ अशी स्कीम, या सगळ्यांनाच तारीख लागते.

भाषा

महाराष्ट्रात बहुतेक दुकानांचे सॉफ्टवेअर इंग्रजीत आहे आणि त्यावर काम करणारी मुले मराठीत विचार करतात. उपाय म्हणून पुष्कळदा शब्दकोशातले भाषांतर केले जाते आणि ‘मालसूची व्यवस्थापन’ असे बटण तयार होते. काउंटरवर हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे ‘स्टॉक’, ‘बिल’, ‘उधारी’, ‘परत माल’, ‘एक्सपायरी’, ‘पार्टी’ हे शब्द आहेत आणि बटणावर तेच असावेत. ते मराठीत रुळलेले आहेत. त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही.

शोधाची अडचण जास्त खोल आहे. शेंगदाणा की शेंगदाणे, ऱ्हस्व की दीर्घ, देवनागरी की रोमन, यातले काहीही टाइप केले तरी वस्तू सापडली पाहिजे. त्यातच युनिकोडचा एक बारकावा आहे. ‘गिऱ्हाईक’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एकाने एका पद्धतीने भरलेले नाव दुसऱ्याला सापडत नाही, तो नवी नोंद करतो आणि एकाच पार्टीची उधारी दोन खात्यांत विभागली जाते. शोधण्यापूर्वी सर्व रूपे एका रूपात आणणे हे काम प्रोग्रामरला फार अवघड नाही. ते करायचे असते हे ठाऊक असणे महत्त्वाचे. आकडेही इथल्या पद्धतीने, १२,५०,००० असे लाखांच्या स्वल्पविरामाने दिसावेत. परदेशी पद्धतीचे स्वल्पविराम घाईत चुकीचे वाचले जातात.

निगेटिव्ह स्टॉक

या विषयातला सर्वांत जुना वाद असा: शिल्लक शून्य दिसत असताना बिल होऊ द्यावे का? हिशेबनीस नाही म्हणतो, कारण शून्याखालचा साठा अस्तित्वातच नसतो. पण काउंटरवरच्या माणसाच्या हातात स्ट्रिप असते. सकाळी माल आला, खोके उघडले, खरेदीचे बिल मात्र अजून संगणकात चढलेले नाही. सॉफ्टवेअरने अडवले तर गिऱ्हाईक परत जात नाही. कर्मचारी शिल्लक दिसणाऱ्या दुसऱ्या बॅचवर किंवा दुसऱ्याच औषधावर बिल करतो. एका चुकीच्या जागी दोन तयार होतात आणि त्यांचा माग राहत नाही.

अडवू नये, हाच निर्णय योग्य. हातातल्या स्ट्रिपवरची बॅच आणि मुदत लिहून घ्यावी, बिल होऊ द्यावे आणि ती ओळ ‘खरेदी बाकी’ म्हणून वेगळी ठेवावी. संध्याकाळी खरेदीचे बिल चढले की जोडी आपोआप लागावी. न लागलेल्या ओळींची यादी दुकान बंद होताना समोर यावी. कीर्द आणि खतावणी यांच्यात जुन्या पेढीने जी फट मुद्दाम ठेवली होती, तीच ही. खरेदीचे बिल चढवणे जितके जलद, तितकी ही यादी लहान. घाऊक विक्रेत्याने पाठवलेली बिलाची फाईल थेट घेता आली तर पन्नास ओळींचे टायपिंग वाचते.

मालकाचा तक्ता

मालकाला लागणारे अहवाल थोडे असतात: काय संपत आले, कशाची मुदत जवळ आली, काय पडून आहे, कोणाकडे किती बाकी आहे. किती माल एका वेळी मागवावा याचे गणित फोर्ड हॅरिस यांनी १९१३ सालीच मांडले. रोजच्या व्यवहारात त्याहून साधा हिशेब चालतो. रोज १२ स्ट्रिप खपतात, माल यायला ३ दिवस लागतात, हाताशी २४ असाव्यात. तर ६० वर शिल्लक आली की मागणी. सॉफ्टवेअरने नुसते ‘६०’ न दाखवता हे तीन आकडेही दाखवावेत. आकडा कुठून आला हे दिसले तर मालक त्यावर विश्वास ठेवतो किंवा पावसाळा आहे म्हणून तो वाढवतो. कुठून आला ते न कळणाऱ्या आकड्याकडे तो काही दिवसांत पाहणेच सोडतो.

बदलाचा दिवस

उत्तम सॉफ्टवेअरही चुकीच्या दिवशी सुरू केले तर बुडते. हर्शे या अमेरिकी चॉकलेट कंपनीने जुलै १९९९ मध्ये नवी प्रणाली सुरू केली, हॅलोविन सणाच्या मोसमाच्या तोंडावर. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या पुरवता आल्या नाहीत. लिडल या जर्मन साखळीची अडचण वेगळी होती. तिथे साठ्याचे मोल खरेदीच्या किमतीने धरायची रीत होती, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची तयार प्रणाली विक्रीची किंमत धरून चालत होती. रीत बदलण्याऐवजी प्रणाली वाकवत गेले, आणि सात वर्षांनंतर २०१८ साली प्रकल्प सोडून दिला. जर्मन वृत्तपत्रांनी खर्चाचा आकडा ५० कोटी युरोंच्या घरात दिला. व्यवसायाची कोणती रीत मुळातली आहे आणि कोणती नुसती सवय आहे, याचा निवाडा पहिली स्क्रीन आखण्यापूर्वी करावा लागतो. त्यासाठी रचनाकाराने बैठकीच्या खोलीत न बसता काउंटरच्या मागे, संध्याकाळच्या गर्दीत उभे राहावे आणि कोणती नोंद चिटोऱ्यावर जाते ते पाहावे. त्या चिटोऱ्यांवर सॉफ्टवेअरच्या उणिवांची पूर्ण यादी असते.

भारतात बदलासाठी १ एप्रिल सोयीचा पडतो, कारण हिशेबाचे वर्ष त्या दिवशी बदलते. आदल्या रात्री दुकान लवकर बंद करून प्रत्येक फळीवरचा प्रत्येक नग मोजावा, सुट्या गोळ्यांसह, बॅच आणि मुदत पाहून. आरंभीची शिल्लक म्हणून तोच आकडा भरावा, जुन्या संगणकातला उचलू नये. पुढे रोज एक फळी मोजत गेले तर वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळा साठा मोजण्याची गरज उरत नाही.